प्रयोग मुलांच्या हातात : प्राथमिक शाळेतील विज्ञानाविषयी वाचकांचे प्रश्न

प्राथमिक शाळेतील मुलांनी विज्ञान, तंत्रज्ञान आणि परिसर हे विषय प्रत्यक्ष करून कसे शिकावेत, याविषयी या सदरासाठी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रे मुख्यतः शिक्षकांची आली, काही पालकांचीही आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो हे दाखवण्यासाठी चौथीच्या मुलांनी दोन कुंड्यांत मूग पेरले. एक कुंडी खिडकीत ठेवली आणि दुसरी खोक्याखाली झाकली. आठव्या दिवशी खोके उचलले, तर आतली रोपे उजेडातल्या रोपांपेक्षा कितीतरी उंच निघाली. अंधारात झाड जास्त वाढते असे मुले आता ठामपणे म्हणत आहेत. पुस्तकातले विधान आणि मुलांच्या डोळ्यांसमोरची रोपे यांचा मेळ कसा घालावा? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

आपला प्रयोग बिनचूक झाला आहे आणि मुलांचे निरीक्षणही खरे आहे. मुगाच्या दाण्यात रोपाच्या सुरुवातीच्या दिवसांना पुरेल इतके अन्न साठवलेले असते आणि ते संपेपर्यंत रोप उजेडावाचून वाढू शकते. एरवीही बी मातीखाली अंधारातच रुजते. उजेडाशी गाठ पडेपर्यंत पाने पसरण्यात आणि हरितद्रव्य तयार करण्यात अन्न खर्च करायचे नाही, सगळा जोर खोड लांबवण्यावर लावायचा, अशी रोपाची घडणच आहे. खोक्याखालची रोपे उजेड शोधत उंच झाली, ती यामुळेच.

आता मुलांना उत्तर सांगून टाकण्याची घाई करू नये. त्यांना दोन्ही कुंड्यांतले एकेक रोप हातात द्यावे आणि उंचीशिवाय आणखी काय काय वेगळे दिसते ते लिहायला सांगावे. अंधारातले रोप पिवळट आहे, त्याची पाने मिटलेली आणि बारीक आहेत, खोड पांढरे आणि नाजूक आहे, बोटाचा आधार काढला की ते वाकते, हे सगळे मुले स्वतः सांगतील. मग प्रश्न विचारावा की वाढ मोजायची कशाने? नुसत्या उंचीने, की पानांच्या आकाराने, की खोडाच्या जाडीने? हा प्रश्न चौथीच्या मुलांना झेपतो, आणि झेपतो एवढेच नव्हे तर त्यावर ती कडाडून वाद घालतात. वर्गात मोजपट्टी, वही आणि असा एक वाद असला की विज्ञानाचा तास चांगला चालला आहे असे मी समजतो.

त्यानंतर प्रयोग पुढे न्यावा. खोक्याखालची अर्धी रोपे उजेडात आणावीत. ती एक-दोन दिवसांत हिरवी होऊ लागतील. उरलेली तशीच झाकून ठेवावीत. साठवलेले अन्न संपले की ती माना टाकतील आणि मरतील. हे घडायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या त्या एका वाक्यामागे एवढा अवधी दडलेला आहे हे मुलांना यातूनच कळते. अंकुरायला उजेड लागत नाही, मात्र जगायला लागतो, असे विधान मुलांकडूनच येईल. ते पुस्तकातल्या विधानापेक्षा अधिक नेमके असेल.

पुढच्या वेळेसाठी दोन सूचना. प्रत्येक कुंडीत एक-दोन दाणे न पेरता दहा-दहा पेरावेत, कारण एखादा दाणा मुळातच किडका असतो आणि मुले त्याच्यावरून निष्कर्ष काढून बसतात. दुसरे असे की झाकलेल्या कुंडीतले पाणी हळू उडते. दोन्हींना सारखेच पाणी घातले तर झाकलेल्या कुंडीत चिखल होऊन मुळे कुजू शकतात. तेव्हा पाणी मोजून न घालता मातीचा ओलावा बोटाने पाहून घालावे, आणि आपण असे का करतो हेही मुलांशी बोलावे. एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या सारख्या ठेवायच्या, हे तत्त्व पाळायला वाटते तितके सोपे नसते, हे त्यांना अशा बारीक अडचणींतूनच समजते.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र बसतात. प्रयोगशाळा नाही, साहित्याची पेटी होती तिच्यातले निम्मे मोडले आहे, आणि रोज नवा प्रयोग करायला वेळही नाही. अशा शाळेत प्रत्यक्ष करून शिकणे कसे जमावे? (एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

रोज नवा प्रयोग करण्याची गरज नाही. आपल्यासारख्या शाळेला वर्षभर चालणारे दोन-तीन उपक्रम अधिक मानवतात, कारण ते एकदा रुळले की मुलेच चालवतात; शिवाय तिसरीचे मूल चौथीत गेल्यावर नव्या मुलांना शिकवते. वर्ग एकत्र असणे येथे सोयीचेच ठरते.

पहिला उपक्रम पर्जन्यमापकाचा. त्यासाठी सरळ उभ्या बाजूंची पारदर्शक बरणी किंवा प्लास्टिकची बाटली घ्यावी. पन्हाळ्या पडलेली किंवा मध्ये निमुळती झालेली बाटली चालत नाही. बाटली खांद्यापाशी कापून वरचा भाग उलटा आत बसवला की नरसाळे तयार होते आणि पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीला शून्याची खूण करावी. त्यावर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवून ती पारदर्शक चिकटपट्टीने झाकावी. मापक उघड्यावर ठेवावा. जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून त्याचे अंतर त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी ८.३० ला करतो. आपण शाळा भरतानाची वेळ धरली तरी चालेल, मात्र ती रोज तीच हवी. रविवारची नोंद राहिली तर सोमवारी ‘दोन दिवसांचा एकत्रित पाऊस’ असे लिहावे. अंदाजाने दोन आकडे पाडू नयेत.

या एका बाटलीतून गणित किती निघते ते पाहा. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब असेल, तर २० मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर ९६० लिटर पाणी पडते. चौथीची मुले हा गुणाकार करतात आणि मग ते पाणी कुठे जाते हे पाहायला पन्हाळीखाली जाऊन उभी राहतात. शेतकऱ्यांच्या घरांत महसूल मंडळाच्या पावसाच्या आकड्याची चर्चा नेहमी चालते. तो आकडा आणि शाळेचा आकडा शेजारी शेजारी लिहिले तर बहुधा जुळणार नाहीत, कारण मंडळाचे केंद्र आणि आपले शिवार यांत काही किलोमीटरचे अंतर असते आणि पाऊस शिवारागणिक बदलतो. आपलाच आकडा चुकला असे मुलांनी समजू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षीच्या पावसावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली. त्या ताळेबंदाची सुरुवातही पाऊस मोजण्यापासूनच होते.

दुसरा उपक्रम पावसाळा संपल्यावरचा. मैदानात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने तपासून उभी करावी आणि अकरापासून दोनपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सूर्य बाराला बरोबर डोक्यावर येतो असे मुलांना वाटत असते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मोठ्यांनाही वाटते. डिसेंबरअखेर यवतमाळमध्ये सावली सर्वांत लहान होते ती साधारण सव्वाबाराला; मुंबईत त्याच दिवशी त्यासाठी बारा चाळीस वाजतात, कारण आपले सर्वांचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्या सर्वांत लहान सावलीची दिशा म्हणजे अचूक उत्तर दिशा. यवतमाळच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९६ सेंटीमीटर भरेल आणि २१ मार्चला सुमारे ३७. महिन्यातून एकदा एवढी एक नोंद घेतली, तरी वर्षअखेरीस ऋतूंचा धडा मुलांनी स्वतः मोजलेला असतो. सूर्य खरोखर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाण्याचे दिवस आपल्याकडे सुमारे २२ मे आणि २१ जुलै हे आहेत. पहिल्या दिवशी सुटी असते आणि दुसऱ्या दिवशी बहुधा आभाळ भरलेले असते, म्हणून मे महिन्यातले निरीक्षण मुलांना घरी करायला सांगावे.

साहित्य मोडले याची खंत फार करू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात महागड्या माँटेसरी साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी आणि खड्यांनी घेतली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. आपल्या भाषेत, आपल्या मातीत हे काम आधीच झालेले आहे. ते आपण विसरू नये असे मला फार वाटते.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. शाळेने रोबोटिक्सच्या संचासाठी वेगळे शुल्क मागितले आहे आणि आतापासून कोडिंग शिकले नाही तर मुले मागे पडतील असे पालकसभेत सांगितले. हे कितपत खरे आहे? (एक पालक, पिंपरी-चिंचवड)

मागे पडण्याची भीती मनातून काढून टाकावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगशी संबंधित उपक्रमांचा उल्लेख पूर्व माध्यमिक टप्प्यासाठी, म्हणजे सहावीपासून पुढे आहे. तिसरीतल्या मुलाला संच मिळाला तर वाईट काही नाही, पण त्यासोबत आलेल्या चित्रांप्रमाणे तुकडे जोडून गाडी चालवली आणि मोडून पुन्हा डब्यात ठेवली, एवढेच होणार असेल तर त्याला सूचना पाळण्याचा सराव होतो, आणि तंत्रज्ञान त्याच्यापासून दूरच राहते.

या वयाचे तंत्रज्ञान घरातच पसरलेले आहे. सायकल उलटी ठेवून पायडलच्या चाकाचे आणि मागच्या चाकाचे दाते मोजावेत. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते. हे आधी गणिताने सांगावे आणि मग चाकाच्या एका तारेला रंगीत दोरा बांधून पडताळून पाहावे. दाराची बिजागरी, विहिरीवरची कप्पी, नळाची आटी, पंक्चर काढणाऱ्या दुकानातले पान्हे, प्रत्येकात एक कल्पना आहे आणि ती हाताने फिरवून पाहता येते. विजेचे मंडल करायचे असेल तर टॉर्चचे जुन्या पद्धतीचे दिवे आता बाजारात सहज मिळत नाहीत. पांढरा एलईडी आणि दोन पेन्सिल सेल घ्यावेत. एलईडी उलटा जोडला तर लागत नाही, आणि तो का लागत नाही याचा छडा लावण्यात मुलांची दुपार कशी जाते ते कळत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील अभ्यासक्रम माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आहे, तरी त्याचा गाभा तिसरीलाही लागू पडतो. मुलांनी अशी वस्तू करावी की जी कुणाला तरी खरोखर हवी आहे. वर्गाच्या खिडकीला लागणारी अडणी, पाण्याच्या पिंपाचे झाकण, पक्ष्यांसाठी पाणी ठेवायची जागा, असे काही मुलांनी आधी कागदावर आखावे, मापे घ्यावीत, करून पाहावे आणि वापरात ते टिकत नाही असे दिसले की सुधारावे. शाळेला शुल्काविषयी विचारण्याऐवजी एवढेच विचारावे की संचातली वस्तू मोडल्यावर किंवा न चालल्यावर मुलांना ती स्वतः उघडून पाहण्याची मुभा आहे का. उत्तर ‘नाही’ असेल तर पैसे वाचवून घरी पान्हा, पेचकस आणि एक मोडके घड्याळ आणावे.

प्रश्न : पर्यावरणाचे शिक्षण म्हणून आम्ही दरवर्षी झाडे लावतो, घोषवाक्ये लिहून घेतो आणि फेरी काढतो. पुढच्या वर्षी बहुतेक त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावावी लागतात. मुलांना यातून काय मिळते, असा प्रश्न मला पडतो. (एक मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा)

आपला प्रश्न अनेकांच्या मनात असतो. तो लिहून विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरणदिनी, आपल्या शाळा उघडलेल्याही नसतात, तेव्हा तारखेचा आग्रह सोडून काम पावसावर सोपवावे. त्याहून महत्त्वाचे असे की लावलेल्या रोपांची मोजणी मुलांकडे द्यावी. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलमध्ये किती रोपे जिवंत आहेत आणि गेलेली कशाने गेली हे मुलांनी पाहून लिहावे. गुरांनी खाल्ली, वाळवी लागली, सुटीत पाणी मिळाले नाही, ही कारणे कळली की पुढच्या वर्षी दहाच रोपे लावायची आणि दहाही जगवायची, असा निर्णय मुलेच घेतील.

लावलेल्या रोपाइतकेच आवारातले जुने झाड मोलाचे आहे. मुलांच्या प्रत्येक गटाने एक झाड वर्षभरासाठी निवडावे. पानगळ केव्हा सुरू झाली, पालवी कोणत्या रंगाची आली, मोहर केव्हा दिसला, मुंग्या कोणत्या बाजूने चढतात, कोणते पक्षी येतात, हे आठवड्यातून एकदा लिहावे आणि चित्र काढावे. आपल्याकडे आंबा, फणस, काजू असे निवडायला भरपूर आहे, आणि मोहराची तारीख घरच्या माणसांच्या आठवणीशी ताडून पाहता येते. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी सापडली तर ती फांदीसकट जाळीच्या डब्यात ठेवून रोज ताजी पाने घालावीत; ती पुढे हिरवी होते, कोश करते आणि फुलपाखरू बाहेर पडल्यावर मुलांनी ते त्याच झाडापाशी सोडावे.

कचऱ्याविषयी घोषवाक्यांऐवजी एक खड्डा पुरेल. त्यात केळीचे साल, कागद, सुती चिंधी, प्लास्टिकची पिशवी आणि वेफर्सचे रिकामे पाकीट वेगवेगळ्या खुणा करून पुरावे. दोन महिन्यांनी काय दिसेल याचा अंदाज प्रत्येकाने आधी लिहून ठेवावा आणि मगच खड्डा उकरावा. अंदाज आधी लिहिलेला नसेल तर उकरण्यात निम्मा अर्थही उरत नाही. शालेय पोषण आहाराच्या भाजीची देठे आणि साली परसबागेच्या खतखड्ड्यात जात असतील, तर त्यांचे रोजचे वजन साध्या तराजूने करून भिंतीवर मांडावे.

प्रश्न : लहान मुलांबरोबर प्रयोग करताना कोणत्या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात? (अनेक वाचक)

बटनासारखे चपटे सेल प्राथमिक वर्गात आणूच नयेत. ते गिळले गेले तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होते. घरातल्या विजेच्या खटक्यातून कोणताही प्रयोग करू नये. पाऱ्याचा तापमापक वापरू नये. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नये. हळदीच्या कागदाचा लाल रंग दाखवायला चुन्याची निवळी न घेता साबणाचे पाणी घ्यावे. रंग तितकाच छान येतो, लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो, आणि डोळ्यांना धोका राहत नाही. पूर्वी कुंकू हळदीपासून कसे होत असे, हे सांगायची ही चांगली वेळ. डासांच्या अळ्या पाहायच्या असतील तर बाटलीचे तोंड कापडाने घट्ट बांधावे आणि कोश दिसू लागताच पाणी कोरड्या, तापलेल्या मातीवर ओतून द्यावे. वाळूच्या गाळणीतून आलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते कुणीही पिऊ नये, हे त्या प्रयोगातच शिकवावे.

प्रश्न : असे उपक्रम केले तरी तपासणीच्या वेळी लेखी चाचण्यांचेच कागद मागितले जातात. मग या कामाची नोंद कुठे दाखवायची? (एक शिक्षिका, नाशिक जिल्हा)

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाची, जी साधने दिली, त्यांत दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती आणि प्रकल्प ही स्पष्टपणे आहेत, आणि त्या रचनेत तिसरी-चौथीसाठी आकारिक मूल्यमापनाला १०० पैकी ६० गुणांचा भार दिला. म्हणजे आपण करत आहात ते काम नियमाबाहेरचे नाही. त्यासाठी वेगळे तक्ते भरत बसू नये. मुलाची निरीक्षणवहीच पुरावा म्हणून दाखवावी. तिच्यात तारीख, काय पाहिले, काय मोजले आणि कोणता प्रश्न पडला एवढे असले की पुरे. वहीतले शुद्धलेखन सुधारावे, पण निरीक्षण पुस्तकाशी जुळत नाही म्हणून ते खोडून फळ्यावरचे वाक्य उतरवून घेऊ नये. पन्नास वह्यांत एकच निष्कर्ष शब्दशः दिसला, तर त्या मुलांनी प्रयोग केलाच नाही असे कोणताही जाणता तपासनीस ओळखेल.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे आणि गावच्या शाळेला दुर्बीण भेट द्यावी असे मनात आहे. ही भेट योग्य ठरेल का? (एक वाचक, पुणे)

आपली इच्छा मोठी आहे, पण शाळा दिवसा भरते आणि दुर्बीण रात्री लागते. ती बहुधा कपाटात राहील. त्याच पैशात प्रत्येक दोन मुलांमागे एक भिंग, काही लोहचुंबक, अल्कोहोलचे तापमापक, मोजपट्ट्या आणि फिती, एक-दोन ताणकाटे, एक साधा तराजू, मापांच्या खुणा असलेली प्लास्टिकची भांडी आणि हाताला बसतील अशी छोटी हत्यारे घेता येतील. वस्तू कुलपात राहू नयेत, मोडल्या तर शिक्षकांना जाब विचारला जाऊ नये, एवढे शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोलून घ्यावे आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. आपण अभियंता आहात. महिन्यातून एका शनिवारी शाळेत जाऊन मोडलेली वस्तू मुलांसमोर उघडून दुरुस्त केलीत, तर ती भेट शाळेला सर्वांत उपयोगी पडेल. पहिल्या शनिवारी ताणकाट्यापासून सुरुवात करावी. त्याची स्प्रिंग मुले हमखास ओढून सैल करतात.